होमो की विर? लॅटिनमधला 'माणूस' नक्की कुठला
दोन्हीचा अर्थ 'माणूस' असं पाठ केलं की घोळ होणारच. होमो म्हणजे मनुष्यप्राणी, बाई असो की पुरुष, म्हणून तर सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मधे आपल्याला होमो सेपियन्स म्हटलं. विर म्हणजे मात्र पुरुषच, कधी नवरा, कधी शूर गडी, आणि आपल्या संस्कृतातला 'वीर' याचा भाऊबंद आहे हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला ना मला! चालवायलाही विर सोपा, षष्ठी विरी, अनेकवचन पण विरीच. होमो मात्र नामं चालवण्याच्या तिसऱ्या गटातला, त्याचं मूळ अंग होमिन, म्हणून षष्ठीत होमिनिस, अनेकवचनात होमिनेस. विरपासूनच विर्तुस आला, म्हणजे शौर्य, पुढे सद्गुण, पण शब्द चक्क स्त्रीलिंगी. नुसतं 'लोक' म्हणायचं असेल तर होमिनेसच वापरा.