डिझेल ट्रकचा कूलंट हीटर: दोन हिवाळ्यांच्या वापरानंतर

रात्रभर उघड्यावर गारठलेल्या डिझेल ट्रकला सकाळी सेल्फ मारताना जो कण्हल्यासारखा आवाज येतो, तो मी बरीच वर्षे ऐकत आलो होतो. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यावर उपाय म्हणून माझ्या सहा सिलिंडरच्या ट्रकला विजेवर चालणारा, १,५०० वॉटचा, टाकीच्या प्रकारचा कूलंट हीटर, म्हणजे इंजिनात फिरणारे थंडाव्याचे द्रव (कूलंट) तापवणारा हीटर, बसवून घेतला. वस्तू चांगली आहे. मात्र तिच्याबरोबर मिळणारे किरकोळ सामान तिच्या दर्जाचे नाही, आणि तिच्याकडून नेमकी किती अपेक्षा ठेवायची हे घेण्याआधी समजून घेतलेले बरे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेते. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो लोखंडी भाग, थंडगार असला की सिलिंडरच्या भिंती ती उष्णता ओढून घेतात, घट्ट झालेल्या ऑइलमुळे क्रँक (इंजिनाचा फिरता दांडा) जड फिरतो, आणि उणे १८ अंशांच्या आसपास सेल्फ फिरवण्याची ताकद निम्म्यावर आलेली बॅटरी त्याला पुरेसा वेग देऊ शकत नाही. सिलिंडरमध्ये तापणारा ग्लो प्लग किंवा हवा आत घेणाऱ्या इनटेकमधला ग्रिड हीटर हवेपुरती मदत करतो. लोखंड थंडच राहते. हा हीटर कूलंट तापवून ते लोखंड ऊबदार करतो.

त्याला पंप नाही. तापलेले कूलंट हलके होऊन वरच्या होजमधून (रबरी नळीतून) इंजिनात चढते आणि थंड कूलंट खालच्या होजमधून टाकीत उतरते, एवढ्यावरच सगळे चालते; म्हणून टाकी कुठे बसवली आहे यावर यशापयश ठरते. आमच्या मेकॅनिकने सोय पाहून ती पहिल्यांदा थोडी उंचावर बसवली. परिणाम असा झाला की हीटरजवळचा होज हात लावता येणार नाही इतका तापला, आतला थर्मोस्टॅट दर काही मिनिटांनी टिक करून वीज तोडू लागला, आणि ब्लॉक मात्र दगडासारखा थंड राहिला. टाकी वीतभर खाली घेऊन, कूलंटमधली अडकलेली हवा नीट काढल्यावर तोच हीटर मुकाट काम करू लागला. तपासण्याची सोपी रीत अशी: तासाभराने हीटरपासून लांब, वरच्या होजच्या इंजिनाकडच्या टोकाला हात लावून पाहावा. तिथे ऊब पोहोचली नसेल, तर कूलंट फिरत नाही असे समजावे आणि वीज बंद करावी, कारण कोरडी पडलेली कॉइल जळायला वेळ लागत नाही.

उणे १२ अंशांच्या सकाळी पूर्वी तीन-तीनदा सेल्फ मारावा लागे आणि नंतर न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर बराच वेळ निघत राही. आता इंजिन एक-दोन फेऱ्यांतच पकडते, धूर नावापुरता दिसतो, आणि केबिनमध्ये लगेच कोमट हवा आल्यामुळे काचही लवकर मोकळी होते. थंडी किती यावर अवलंबून दोन ते तीन तास पुरतात, म्हणजे दोन तासांना ३ युनिट वीज. रात्रभर चालू ठेवण्यात अर्थ नाही; एकदा ब्लॉक तापला की पुढची वीज बाहेर जाणारी उष्णता भरून काढण्यातच जाते. टायमर हीटरसोबत येत नाही, तो वेगळा घ्यावा.

पूर्वी मीही अर्धा-अर्धा तास इंजिन नुसते चालू ठेवीत असे. मोठ्या ट्रकचे इंजिन तसे उभे राहून तासाला सुमारे ३ लिटर डिझेल पिते आणि तरीही नीट तापत नाही, कारण भार नसताना थोडेसे इंधन भरपूर हवेत जळते. शिवाय अर्धवट जळलेले डिझेल भिंतींवरून ऑइलमध्ये उतरते आणि एक्झॉस्टच्या फिल्टरमध्ये काजळी साठते.

इथे या हीटरची एक फसवी बाजू सांगायला हवी. चावी फिरवताच तापमानाचा काटा वर दिसतो आणि गाडी तयार आहे असे वाटते; पण इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधले ऑइल अजून गार असते, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलला तर या उष्णतेचा स्पर्शही झालेला नसतो. म्हणून सुरू केल्यावर रेस न देता ऑइलचा दाब स्थिरावू द्यावा, टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचू द्यावे, ब्रेकच्या टाक्यांत हवा भरेपर्यंत थांबावे आणि मग पहिले काही किलोमीटर हलक्या भाराने, कमी आरपीएमवर न्यावेत. थंडीत गोठून फिल्टरमध्ये अडकलेल्या डिझेलवरही हा हीटर इलाज नाही. त्यासाठी हिवाळी डिझेलच भरावे लागते.

तक्रारी दोन आहेत. सोबत आलेल्या स्क्रूच्या होज क्लिपा थंडीत गळतात: रबर आकसते, खाली दोन-चार थेंब दिसतात आणि इंजिन तापल्यावर गळती गायब, त्यामुळे शोधताना नाकी नऊ आले. स्प्रिंगच्या क्लिपा लावल्यावर प्रश्न मिटला. दुसरी तक्रार वायरची. पहिल्याच हिवाळ्यात प्लगची एक पिन सैल होऊन काळी पडली आणि भोवतीचे प्लॅस्टिक वितळू लागले. दीड किलोवॉटचा भार तासन्‌तास वाहणाऱ्या वस्तूला इतका हलका प्लग देणे मला अक्षम्य वाटते. मी तो बदलून जाड वायरचा, पाणी न शिरणारा लावून घेतला.

मुक्कामी विजेची सोय नसलेल्यांना डिझेलवर जळणारा हीटरच घ्यावा लागेल. ५ किलोवॉटचा हीटर पूर्ण क्षमतेवर तासाला साधारण ०.६ लिटर घेतो, पण तो बसवणे खर्चिक आणि खटपटीचे. माझी गाडी रात्री सॉकेटशेजारीच उभी असते, त्यामुळे मला हा पुरतो. वायर जोडली की एक लाल फडके स्टिअरिंगला बांधतो. एकदा ती तशीच ठेवून गाडी पुढे घेतली होती आणि सॉकेट भिंतीतून निघून आले होते.