फेअरी क्वीनची ‘चांदीची’ नाणी घेताय? आधी हे वाचा

माझे बाबा रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून निवृत्त झाले. वाफेच्या इंजिनांवर त्यांचा जीव, आणि नेमकं तेच हेरून त्यांना गाठलं. दादरच्या एका हॉलमध्ये जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं. तिथल्या एका स्टॉलवाल्याने ‘फेअरी क्वीन’ इंजिनाची चार चांदीची नाणी त्यांच्या गळ्यात मारली. प्रत्येकी 50 ग्रॅम, 8,000 रुपये. निळी मखमली डबी, ‘शुद्धता 999’ लिहिलेलं प्रमाणपत्र, आणि वर ‘सरकारी टांकसाळीचा माल आहे काका, नंतर मिळायचा नाही’. सील फुटलं की भाव पडतो, असं सांगून त्याने नाणं डबीबाहेर काढूच दिलं नाही.

मागची बाजू दिसली ती घरी. त्यावर लिहिलं होतं, ‘16 एप्रिल 1853, बोरीबंदर–ठाणे’. बाबा तिथेच गप्प झाले. फेअरी क्वीन इंग्लंडमध्ये लीड्सला तयार झालं ते 1855 मध्ये, आणि आलं कलकत्त्याला. आपल्या बोरीबंदरची पहिली गाडी ओढली ती साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी. शिवाय नाण्यावर अशोकस्तंभाचे सिंह नाहीत, रुपयांत किंमत नाही. सरकारी नाण्यावर या दोन्ही गोष्टी असतातच. रेल्वेच्या दीडशे वर्षांनिमित्त निघालेलं भोलू हत्तीचं दोन रुपयांचं नाणं कुणाकडे असेल तर काढून बघा.

झवेरी बाजारात टंच काढायला, म्हणजे चांदीची शुद्धता तपासायला गेलो. यंत्राने चांदी भरपूर दाखवली, कारण ते वरचा थरच वाचतं आणि मुलामा जाड होता. पण सराफ जुना माणूस. त्याने काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणला आणि नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबतं धरलं, तळाला न टेकवता. 50 ग्रॅम शुद्ध चांदी असती तर काट्यावर 4.8 ग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा होता. आला 5.9. काट्यावर दिसतं ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन; धातू चांदीपेक्षा हलका असेल तर तेवढ्याच वजनाचं नाणं जास्त जागा घेतं आणि आकडा वाढतो. मग बाबांना विचारून त्याने कडेला कानस फिरवली. आत पिवळंधमक पितळ.

खरा कावा बिलात होता. प्रमाणपत्रावर कुणाची सही नाही, शिक्का नाही. बिलावर मात्र बारीक अक्षरात ‘स्मृतिचिन्ह, व्हाइट मेटल’. चांदीचा शब्दही नाही. म्हणजे पळवाट आधीच करून ठेवलेली. वयस्कर माणसांच्या जिव्हाळ्याच्या गोष्टीवर असा धंदा करणाऱ्यांची मला चीड येते.

आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे, ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंदवली आहे. तुमच्याकडे अशी डबी असेल तर पाण्याची परीक्षा करून घ्या, पण कानस लावू नका. सराफाकडून लेखी अहवाल मागा. डबी, बिल, प्रमाणपत्र काही फेकू नका. पैसे ऑनलाइन दिले असतील तर त्या व्यवहाराचा पुरावाही तक्रारीला जोडा.