पोस्टग्रेसच्या टेबलांत फाइली ठेवताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

कर्जाच्या अर्जांसोबत येणारी स्कॅन केलेली कागदपत्रे, छायाचित्रे आणि सह्यांचे नमुने आम्ही गेले काही महिने पोस्टग्रेस या डेटाबेसमध्येच, बाइटिया (कच्चे बाइट ठेवणाऱ्या) प्रकारच्या स्तंभात ठेवत आहोत. अर्जाची नोंद आणि त्याची कागदपत्रे एकाच ट्रँझॅक्शनमध्ये लिहिली जातात. मधेच काही बिघडले, तर दोन्ही रद्द होतात. नोंद आहे पण फाइल नाही, किंवा फाइल आहे पण ती कोणाची हे कळत नाही, अशी अवस्था उरत नाही. पैशाच्या व्यवहाराला जोडलेल्या कागदांसाठी मला ही खात्री वेगापेक्षा अधिक मोलाची वाटते.

जावा भाषेतून सेटबाइनरीस्ट्रीम ही मेथड वापरून फाइल लिहिणे सोपे आहे, परंतु वाचताना संपूर्ण फाइल मेमरीत येते. स्तंभाची मर्यादा १ जीबी असली, तरी प्रत्यक्षात काही एमबीच्या पुढे जाऊ नये, असे माझे मत झाले आहे. मोठ्या फाइलींसाठी लार्ज ऑब्जेक्टची (फाइल टेबलाबाहेर स्वतंत्र ठेवण्याची) सोय आहे आणि ती तुकड्यातुकड्याने वाचता येते. मात्र ओळीत केवळ तिचा क्रमांक राहतो, आणि ओळ पुसली तरी मूळ ऑब्जेक्ट तसाच पडून राहतो. हायबरनेट या जावा ऑब्जेक्ट टेबलांशी जोडणाऱ्या लायब्ररीमध्ये बाइट अ‍ॅरेवर लॉब ही खूण लिहिल्यास नकळत हाच मार्ग निवडला जातो, याकडे नव्या सहकाऱ्यांचे लक्ष मी आवर्जून वेधतो.

साधारण २ केबीपेक्षा मोठी ओळ झाली की पोस्टग्रेस तिच्यातील मोठी मूल्ये टोस्ट नावाच्या वेगळ्या टेबलात हलवते. त्यामुळे फाइलचा स्तंभ न मागणाऱ्या क्वेरी मंदावत नाहीत. तरीही ओआरएम (हायबरनेटसारखी लायब्ररी) सगळेच स्तंभ मागत असल्याने फाइलींना स्वतंत्र टेबल द्यावे. जेपेग आधीच आकुंचित असते, म्हणून त्या स्तंभाची साठवण एक्स्टर्नल ठेवल्यास पुन्हा आकुंचनाचा व्यर्थ प्रयत्न टळतो.

खरा भार बॅकअपवर पडतो. पीजीडंप या बॅकअपच्या साधनाच्या साध्या मजकुरात प्रत्येक बाइटसाठी दोन अक्षरे लागतात, शिवाय प्रत्येक फाइल वॉलमध्येही (बदलांच्या नोंदवहीत) लिहिली जाते आणि तेथून रेप्लिकाकडे (डेटाबेसच्या प्रतीकडे) जाते. पुसलेल्या फाइलींची जागा व्हॅक्यूम या साफसफाईच्या क्रियेनंतर पुन्हा वापरता येते, परंतु डिस्कला ती सहसा परत मिळत नाही. व्हॅक्यूम फुल ती परत देतो, पण तोवर टेबल पूर्ण बंद ठेवतो. यासाठी फाइलींच्या टेबलाचे वर्षानुसार पार्टिशन (स्वतंत्र तुकडे) सुरुवातीलाच करावे, म्हणजे मुदत संपलेले वर्ष ड्रॉप करताच जागा मोकळी होते.