चौथीच्या वर्गात आधी कोण: मोत्झार्ट की कुमार गंधर्व?

खानापूर भागातल्या एका बाईंनी परवा विचारलं, "सर, चौथीच्या मुलांना एका मोठ्या संगीतकाराची ओळख करून द्यायची आहे. मोत्झार्ट घेऊ की आपले कुमार गंधर्व?" मी दोघांनाही वर्गात नेऊन पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हातात दोनच तास असतील तर मोत्झार्ट घ्या. त्याच्या वाद्यसंगीताला शब्द नाहीत, त्यामुळं घरी मराठी बोलणारं पोर आणि घरी कन्नड बोलणारं पोर एकाच रेघेवरून सुरुवात करतात. 'ट्विंकल ट्विंकल'च्या चालीपासून निघा. ती चाल मुळात त्याची नव्हे, जुनी फ्रेंच आहे. त्यानं तिच्यावर पियानोसाठी १२ रूपं बांधली. मी मुलांना सांगतो, डोळे मिटा आणि मूळ चाल ओळखू आली की हात वर करा. आधी सगळे हात वर. सूर भराभर धावायला लागले की हात खाली येतात, मग एकेक परत वर जातो. एकदा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "आमच्या भजनात बुवा असंच करतात की! अभंग तोच, पण चाल फिरवून फिरवून म्हणतात." रोज संध्याकाळी टाळ धरणाऱ्या त्या पोरानं माझं पुढचं सगळं समजावणं वाचवलं.

चरित्रही सांगायला सुटसुटीत. १७५६ साली साल्झबर्गमध्ये जन्म, ५व्या वर्षी पहिल्या रचना, ६व्या वर्षी व्हिएन्नाच्या राजदरबारात वादन, १७९१ मध्ये अवघ्या ३५व्या वर्षी मृत्यू. त्याची थोरली बहीण नानर्ल हिला मात्र वगळू नका. तीही उत्तम वाजवायची, भावाबरोबर युरोपभर फिरली आणि लग्नाचं वय झालं तसे तिचे दौरे थांबले. वर्गातल्या मुली इथं हमखास अडतात. "मग तिनं काय केलं?" या प्रश्नाला वेळ द्या.

अडचण वेगळीच आहे. राजवाडे, घोडागाड्या, केसांचे टोप ऐकून मुलांना सगळं गोष्टीतल्या राजपुत्रासारखं वाटतं. शिवाय ५व्या वर्षाचं कौतुक फार केलं, तर ९ वर्षांची दोन-चार मुलं गप्प होतात. मला ते बघवत नाही.

म्हणून चार शनिवार मिळत असतील तर मी कुमारांनाच घेईन. ८ एप्रिल १९२४ रोजी आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ. घरची भाषा कन्नड. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठ्या गवयांचं गाणं हुबेहूब म्हणणारा मुलगा. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला लहानपणीच एका मठाच्या स्वामींनी दिली. मोबाईलवरची गाणी ऐकून तशीच म्हणणारी पोरं आपल्याही वर्गात आहेत, तेव्हा हा मुलगा त्यांना लगेच जवळचा वाटतो. पुढं मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे शिक्षण, मराठी घराघरांत नाव, आणि कबीर गायला तो हिंदीत. सीमाभागातल्या मुलांना तीन भाषांमधून चाललेलं हे आयुष्य वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण खरी गोष्ट पुढं आहे. ऐन उमेदीत क्षय झाला, १९४८ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या देवासला राहायला गेले, एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं आणि पाच-सहा वर्षं गाणं बंद राहिलं. त्या काळात त्यांनी माळव्यातली लोकगीतं कान देऊन ऐकली आणि लोकधुनांतून पुढं नवे राग बांधले. वर्गात हे सांगताना मुलांना अर्धाच श्वास घेऊन 'सा' लावायला लावा. सूर लगेच तुटतो. पुन्हा लावायला सांगा. तिसऱ्या खेपेला कुणीही हसत नाही, प्रत्येकजण स्वतःच्या छातीवर हात ठेवून ऐकत असतो.

तयारी मात्र इथं जास्त लागते. मोत्झार्टचं मुलांसाठी तयार साहित्य भरपूर मिळतं, कुमारांचं तुम्हालाच जमवावं लागेल. लांब ख्याल लावू नका, दोन-तीन मिनिटांचा तुकडा पुरे. 'उड जायेगा हंस अकेला' मला अतिशय प्रिय आहे, तरी चौथीसाठी ते नको. त्यातला मृत्यू समजावताना गाणं मागं पडतं. ऋतूंवरच्या त्यांच्या कार्यक्रमांतलं 'गीतवर्षा' बरं, पाऊस तर मुलांच्या दप्तरातच असतो.

बीथोव्हेनचंही कुणी सुचवेल. १८०८ मध्ये पहिल्यांदा वाजलेल्या त्याच्या पाचव्या सिंफनीची ती चार सुरांची थाप मुलं बाकावर आनंदानं वाजवतात, पण ऐकू येईनासं झालेल्या माणसाची ती घुसमट सहावी-सातवीत जास्त कळते.

बाई, तुमच्या वर्गाला मी कुमारच सांगेन, आणि जमलं तर शेवटच्या शनिवारी मुलांना सुळेभावीला घेऊन जा. एक मात्र पाहा. तुमच्याकडं जुलैचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की छोटा स्पीकर ऐकूच येत नाही, तेव्हा 'गीतवर्षा' ऑगस्टच्या एखाद्या उघडिपीत ठेवा.