हरकत लिहायला शिकवणारा अभ्यासवर्ग

पर्यावरणाचे कायदे घडत असतानाच तरुणांनी त्यांत आपले म्हणणे कसे मांडावे, हे शिकवणारा शनिवार-रविवारचा एक अभ्यासवर्ग कोल्हापुरात राजारामपुरीत भरतो. तिथे भाषणे कमी आणि मसुदावाचन जास्त होते, हे मला सर्वांत मोलाचे वाटले.

वाचनासाठी निवडलेला मसुदाही नेमका आहे. पश्चिम घाटातील पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राबाबत, म्हणजे जिथे खाणी व मोठ्या प्रकल्पांवर निर्बंध येतात अशा भागाबाबत, केंद्र सरकारने ३१ जुलै २०२४ रोजी प्रारूप अधिसूचना काढली आणि हरकती व सूचनांसाठी ६० दिवस दिले. तीत महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र असून राधानगरी, शाहूवाडी यांसारख्या आपल्या तालुक्यांतील गावेही आहेत. प्रत्येकाने आधी यादीत आपले गाव शोधायचे आणि मग तिथल्या प्रश्नाला कोणते कलम लागू होते ते पाहायचे, अशी पद्धत आहे. राधानगरीकडच्या एका मुलीने पहिल्या खर्ड्यात ‘आमचे गाव वगळावे’ एवढेच लिहिले होते. मार्गदर्शक ताईंनी ते खोडले नाही. ‘गाव कशासाठी वगळायचे, ते कलमासह लिही,’ इतकेच सांगितले. राहत्या घरांच्या दुरुस्तीला व विस्ताराला मसुद्यात मनाई नाही, मात्र चालू खाणी पाच वर्षांत किंवा खाणीच्या भाडेपट्ट्याची मुदत संपताच, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, बंद करायच्या आहेत, हे स्वतः वाचल्यावर तिने संपूर्ण हरकत नव्याने लिहिली आणि खाणीवर राबणाऱ्यांच्या रोजगाराची तरतूद मागितली. अठराव्या वर्षी मत देता येते, पण विधानसभेची निवडणूक लढवायला पंचविशीपर्यंत थांबावे लागते. मधल्या वर्षांत अशी मुद्देसूद हरकत हे तरुणांच्या हाती असलेले खरे साधन आहे, असे मला मनापासून वाटते.

उणीव भाषेची आहे. वाचायला दिलेली प्रत केवळ इंग्रजीत होती. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासण्याच्या, २०२० च्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील (मराठीसह) भाषांत अनुवाद करण्याचा आदेश दिला होता, हे याच वर्गात शिकवले जाते; मग निदान महत्त्वाच्या कलमांचा मराठी अनुवाद वर्गाने स्वतः पुरवायला हवा. पर्यावरणविषयक दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणावरचे सत्रही घाईत उरकले. प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध तिथे अपील करण्याची मूळ मुदत अवघी ३० दिवसांची असल्याने त्याला अधिक वेळ द्यावा.

शुल्क विद्यार्थ्यांना परवडणारे आहे. पुढील वर्ग राधानगरी किंवा गारगोटीत भरवावा, अशी विनंती मी आयोजकांना लेखी केली आहे.