फोमचा एअर फिल्टर घेताय? आधी तेलाची बाटली बघा

नागपुरात गाडीला आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसलेला, फोम फिल्टर बसवायचा विचार असेल, तर हे वाचा आणि मग दुकानात जा.

माझं कोराडी-खापरखेड्याकडे रोजचं जाणं-येणं. वीज केंद्रांच्या राखेचे टिप्पर, खोदलेले रस्ते आणि उन्हाळ्यातली धूळ, यात कागदी फिल्टर लवकर चोंदतो. अ‍ॅक्सेसरीवाल्याने नेमकं तेच हेरलं. "कायले दर सर्व्हिसिंगले पैसे घालवता भाऊ? फोमचा टाका, धुवा आन् वापरा. मायलेज बी वाढते." फिल्टर, 'इम्पोर्टेड' तेल आणि फिटिंग मिळून 3,200 रुपये. जुना फिल्टर मागितला तर म्हणे कचऱ्यात गेला. बिल मागितलं तर कोऱ्या चिठ्ठीवर नुसता आकडा.

तेल लावायचं काम आतल्या खोलीत उरकलं. बाहेर आलेला फिल्टर काळपट आणि इतका ओथंबलेला, की एअरबॉक्सच्या (फिल्टर बसतो त्या डब्याच्या) तळाशी थेंब साचले. "जितकं तेल जास्त, तितकी धूळ धरते," हे त्याचं उत्तर.

थोड्याच दिवसांत डिझेल गाडीचा पिकअप बसला, चेक इंजिनचा दिवा लागला. त्याच दुकानात नेली तर निदान तयारच होतं: सेन्सर गेला, नवा टाका, साडेआठ हजार. खरा डाव इथे आहे. आधी फिल्टर विकायचा, मग त्याच फिल्टरने घाण केलेल्या सेन्सरच्या जागी नवा सेन्सर विकायचा.

गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने एअरबॉक्स उघडला, बोटाला लागलेलं तेल चोळलं, वास घेतला. "अरे बाप्पा, हे त इंजिन ऑइल होय न, तेही वापरलेलं!" मग फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनकडच्या पाइपमध्ये पांढरं फडकं फिरवलं. फडक्यावर तेलात कालवलेली बारीक धूळ. फिल्टर काम करत असेल तर तिथे धूळ दिसताच कामा नये. ही धूळ आत गेली की सिलिंडर घासतो, आणि ते नुकसान फिल्टर बदलून भरून निघत नाही.

फोमची भोकं मोठी असतात, बारीक कण अडवतं ते त्यावरचं चिकट तेल. फोम फिल्टरचं खास तेल मधासारखं तार धरतं आणि जागेवर टिकतं. इंजिन ऑइल खाली ओघळतं: वरचा फोम कोरडा, खालचा चिंब. जास्तीचं तेल हवेबरोबर उडून हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरच्या नाजूक तारेवर बसतं, मग माप चुकतं. माझा सेन्सर गेलेला नव्हताच. त्याच्यासाठी मिळणारा खास क्लीनर मारला, वाळू दिला, एरर पुसला, गाडी पूर्ववत. तारेला कापूस किंवा ब्रश मात्र लावू नका.

नीट पद्धत अशी: फोम सौम्य साबणाच्या पाण्यात दाबून धुवायचा, पिळायचा नाही, पेट्रोलमध्ये तर बुडवायचाच नाही. सावलीत पूर्ण वाळला की प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थोडं थोडं तेल टाकत मळायचं. रंग सगळीकडे सारखा आला पाहिजे. जास्तीचं तेल दाबून काढायचं आणि लगेच न बसवता थोडा वेळ ठेवायचा. हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर, सीलबंद बाटलीतून झालं पाहिजे. कडाही तपासा. माझा फिल्टर साधा फोम कापून फ्रेमला चिकटवलेला होता, एका कोपऱ्यात फट होती.

मायलेजचं आमिष तर निव्वळ थाप. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या 2009 च्या चाचण्यांत, कॉम्प्युटर-नियंत्रित इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर चोंदला तरी मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नव्हता, वेग पकडायचा जोर तेवढा कमी झाला. चोंदलेल्याने जे घटलं नाही, ते नव्याने वाढणार कुठून?

मी परत कंपनीचा कागदी फिल्टर टाकला. यूपीआयचा पुरावा, फोटो आणि मेकॅनिकने लिहून दिलेला कागद हाताशी ठेवून ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, तीही वाट मोकळी आहे. तक्रारीनंतर दुकानातून फोन आला: फिल्टरचे पैसे देतो, तेल-फिटिंगचे नाही. मी सगळे मागितले आहेत.