ट्रेलरची चार्जिंग लाइन: बिलात जाड वायर, पाइपात वीतभर तुकडा

ज्यांनी नुकतीच गाडीतून ट्रेलरची बॅटरी चार्ज व्हायची लाइन कोणाकडून तरी ओढून घेतलीय आणि "चेक करून दिलंय" एवढ्या शब्दावर निवांत आहेत त्यांनी हे जरा वाचा. मला ज्याने गंडवलं त्याचं नाव घेत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. पण त्याची पद्धत सगळी सांगतो.

तक्रार साधी होती. दिवसभर गाडीमागे राहायचा ट्रेलर (कॅरव्हॅन) ओढायचा आणि मुक्कामाला पोचलं की आतले दिवे मंद, पाण्याचा पंप कसाबसा चालतोय, मीटर लावला की १२.१ व्होल्ट, म्हणजे बॅटरी जेमतेम निम्मी. भरलेली लेड ॲसिड बॅटरी शांत पडलेली असताना १२.६-१२.७ दाखवते, आणि इंजिन चालू असताना खरंच चार्ज होत असेल तर तिच्याच टोकांवर साडेतेराच्या वर काहीतरी दिसायला पाहिजे.

फिटरने गाडीखाली डोकं घातलं आणि म्हणाला साहेब, तुमची वायर बारीक आहे, एवढ्या लांब जाईपर्यंत व्होल्टेज मरतं, जाड वायर ओढू आणि ट्रेलरमध्ये डीसी टू डीसी चार्जर (आलेलं कमी-जास्त व्होल्टेज बॅटरीला लागेल तेवढं करून देणारा) बसवू, वर तुमच्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) स्मार्ट आहे, गाडीची स्वतःची बॅटरी भरली की तो व्होल्टेज खाली आणतो. यातलं एकही वाक्य खोटं नाही हो! १४ गेजची (अमेरिकन माप, साधारण २ चौरस मिमी) वायर गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत १० मीटर गेली आणि तेवढीच अर्थची परत आली, तर १० ॲम्पिअरला दीड व्होल्टच्या वर वायरमध्येच जातात, अल्टरनेटर १४.२ देत असला तरी मागे पोचतात साडेबारा, त्यात बॅटरी काय भरणार. स्मार्ट अल्टरनेटरचंही खरं आणि डीसी टू डीसी चार्जर हाच त्यावरचा उपाय हेही खरं. हा माणूस थापा मारायला खरी माहिती वापरायचा, म्हणून नंतर चार ठिकाणी विचारलं तरी सगळे म्हणायचे बरोबर सांगतोय तो.

काम झाल्यावर त्याने माझ्यासमोर टेस्ट केली. इंजिन चालू, गाडी-ट्रेलर जोडणारा प्लग लावलेला, ट्रेलरच्या बॅटरीवर मीटर. "बघा, तेरा पॉइंट सहा, अजून काय पाहिजे?" दिसायला चोख काम. पण त्या वेळी ट्रेलरच्या दुसऱ्या बाजूला त्याच्या वर्कशॉपची मेन लाइनची केबल लावलेली होती, "काम करताना आत लाइट हवी" म्हणून. बाहेरची लाइन लावली की ट्रेलरमधला कन्व्हर्टर (मेन लाइनवरून बॅटरी चार्ज करणारा) साधारण १३.६ वरच बॅटरी धरून ठेवतो. त्याने इंजिन बंद केलं असतं तरी आकडा हलला नसता, आणि बंद करून त्याने दाखवलंच नाही.

पुढच्या मुक्कामाला परत तेच रडगाणं. फोन केला तर म्हणे फ्रिज १२ व्होल्टवर चालवत असाल. परत खरं, गॅस आणि करंट दोन्हीवर चालणारे फ्रिज १२ व्होल्टवर टाकले की सहज १० ॲम्पिअरच्या वर ओढतात, बारीक लाइनने येणारं सगळं तोच खातो. फ्रिज बंद ठेवून बघितलं, फरक शून्य. मग म्हणे बॅटरी सल्फेट झालीय, चार्ज घेतच नाही. नवी बॅटरी त्याच्याकडूनच घेतली, जुनी त्याने एक्स्चेंजमध्ये ठेवून घेतली. हे सगळ्यात जास्त डाचतं, कारण ती जुनी बॅटरी चांगली होती असा मला दाट संशय आहे आणि ती हातात नसल्याने आता काहीच सिद्ध करता येत नाही.

उलगडा झाला तो दुसऱ्या एका वायरमनमुळे. त्याने आधी मेन लाइनची केबल काढायला लावली, छतावरच्या सोलर पॅनेलची लाइनही सोडवली, आतले दिवे थोडा वेळ चालू ठेवून वरवरचा चार्ज उतरवला, मग प्लग काढलेला असताना बॅटरीचं रीडिंग घेतलं. मग प्लग लावून इंजिन चालू. आकडा जिथल्या तिथे. चार्जरवरचा हिरवा दिवा मात्र लागायचा, दोन-चार सेकंदांत विझायचा, परत लागायचा. तो म्हणाला, हा दिवा बघून लोक खूश होतात पण हा चार्जर उपाशी आहे. लोड नसताना त्याला पुरेसं व्होल्टेज दिसतं म्हणून तो चालू होतो, करंट ओढायला लागला की व्होल्टेज कोसळतं म्हणून बंद पडतो, की परत पहिल्यापासून.

मग गाडीच्या सॉकेटवर मीटर लावला तर १४.१, झकास. त्याच दोन पिनांवर त्याने हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब जोडला, तो साधारण साडेचार ॲम्पिअर घेतो, आणि आकडा धाडकन साडेअकरावर. नुसता मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे केसाएवढ्या वायरमधून, गंजक्या जॉइंटमधूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मीटर लावून "करंट येतोय" म्हणणारा प्रत्येक जण लबाड नसतो, पण लबाडाला तेवढं पुरतं.

शेवटी बॉनेटखाली. तिथे ती जाड लाल वायर दिमाखात होती, बॅटरीच्या प्लसपासून नवा कोरा फ्यूज होल्डर, त्यात ३० ॲम्पिअरचा फ्यूज, आणि पुढे काळ्या नागमोडी पाइपात शिरलेली. मागे सॉकेटजवळ पाइपातून तशीच जाड लाल वायर बाहेर येताना दिसत होती. त्याने पुढच्या वायरला डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) लावला, शून्य. वायर जरा ओढली तर वीतभर बाहेर आली आणि संपली, टोकाला काळी टेप गुंडाळलेली. मागचाही तसाच तुकडा, सॉकेटच्या पिनेला जोडलेलाच नाही. मधे काही नाही, रिकामा पाइप. सॉकेटला सप्लाय येत होता तो जुन्याच बारीक वायरने, जिच्या नावाने याने गळा काढला होता. चार्जर खरा होता म्हणा, फक्त त्याला खायला काही नव्हतं.

तुम्ही तपासणार असाल तर क्लॅम्प मीटर डीसी मोजणाराच घ्या, बरेच स्वस्त क्लॅम्प फक्त एसी करंट दाखवतात आणि डीसीला शून्य, उगाच भल्या माणसावर आळ यायचा. शिवाय अमेरिकन पद्धतीच्या ७ पिनच्या ट्रेलर प्लगमध्ये चार्जिंगची वायर सहसा काळी आणि अर्थची पांढरी असते, गाडीतल्या सवयीने काळी म्हणजे अर्थ धरलीत तर फ्यूज उडवाल. १३ पिनच्या युरोपियन सॉकेटमध्ये ९ नंबरला कायम सप्लाय आणि १० नंबरला इग्निशन चालू असतानाचा, त्यांच्या अर्थ १३ आणि ११, तिथे इंजिन बंद ठेवून १० वर मीटर लावला तर काही न दिसणं बरोबरच आहे. आणि काही गाड्यांत टोइंगची वायरिंग कंपनीतूनच असते पण चार्जिंगचा फ्यूज किंवा रिले बसवलेला नसतो, तो आधी बघा, तेवढ्यावर काम होत असेल तर हा सगळा खटाटोपच नको.

राग नुसत्या पैशाचा नाही. इलेक्ट्रिक ब्रेकच्या ट्रेलरला ब्रेकअवे स्विच असतो, चालत्या गाडीपासून ट्रेलर सुटला तर पिन खेचली जाऊन ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लागतात. बॅटरी मेलेली असेल तर ब्रेक नाहीत. हे मी त्याला तोंडावर सांगितलं तर म्हणे "असं कधी होतं का साहेब".

वायरचे दोन्ही तुकडे, टेपसकट, आणि त्या शून्याचे फोटो मी जपून ठेवलेत. बिलावर त्याने जाड वायरचे पूर्ण मीटर लावलेत, तेच कामाला आलं. बिल पुढे ठेवल्यावर आधी कानावर हात ठेवले, मग पोऱ्याने केलं म्हणाला, मग वायरचे पैसे देतो पण मजुरी नाही असं. जुन्या बॅटरीचं विचारलं की फोन कट. नवी वायर मी त्या दुसऱ्या वायरमनकडून ओढून घेतली, पाइप बंद करायच्या आधी अख्खी उघडी बघितली, आणि आता इंजिन चालू केलं की क्लॅम्पवर २० च्या पुढे ॲम्पिअर दिसतात आणि ट्रेलरच्या बॅटरीवर १४.३.